पंधरा सेहेचाळीसचा ठोका

पोस्टिंगचा कागद मिळाला तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. पाणबुडीचं नाव, मुंबई बंदर, रिपोर्टिंग सकाळी आठ. खाली दोन नावं होती. पाटील बी. एस., म्हणजे मी. आणि भोई डी. के. दुसरं नाव वाचलं आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली. आनंद निम्मा झाला होता.

दत्ता भोई नृसिंहवाडीचा, मी कसबा बावड्याचा. विशाखापट्टणमला पाणबुडीच्या शिक्षणाला आम्ही एकाच बॅचला भेटलो. एकाच जिल्ह्यातले म्हटल्यावर गळ्यात गळा हवा होता. बाकीचे तसंच समजायचे. "दोनो भाई कोल्हापूर के," म्हणायचे. भाऊ होतोच आम्ही. भाऊबंदकीसकट.

कारण साधं होतं. आमचं काम कानाचं. पाणबुडीला खिडकी नसते. सोनारवर बसलेला माणूस हेडफोन लावून पाण्यातले आवाज ऐकतो आणि सांगतो: जहाज आहे, एवढ्या पात्यांचा पंखा आहे, अमुक दिशेला आहे, जवळ येतंय. मी आवाज पाठ करायचो. टेप लावून, वह्या भरून, डोळे मिटून. दत्ता नुसता ऐकायचा. त्याच्या घरात पिढ्यान्पिढ्या होडी आणि मासेमारी. तीन परीक्षा झाल्या. तिन्हींत तो पहिला, मी दुसरा.

सुट्टीला घरी आलो. वडिलांनी गोठ्यातनंच विचारलं, "पयला कोन आला?"

मी सांगितलं. म्हशीच्या आचळावरचा त्यांचा हात थांबला.

"भोयाच्या पोराच्या मागं ऱ्हायलास व्हय रं?"

एवढंच. पुन्हा धार काढू लागले. तो प्रश्न मी कैक वर्षं पाण्याखाली घेऊन हिंडलो. आज लिहिताना त्याची लाज वाटते. तेव्हा वाटली नाही. तेव्हा मी नुसता जळत होतो.

जळण्यात मी तसा ऑलराउंडर. चुलतभाऊ आर्मीत होता, त्याला सरहद्दीवर पदक मिळालं, त्याच्यावर जळलो. गावानं त्याची जीपमधून मिरवणूक काढली. मी सुट्टीवर होतो, मला त्या जीपला हार बांधायला लावलं. आणि सगळ्यांत जास्त मी जळलो ते एका मेलेल्या जर्मनावर.

त्याची गोष्ट आम्हाला आमच्या इन्स्ट्रक्टरनी सांगितली. ते चीफ पेटी ऑफिसर होते, आम्ही नुसतं चीफ म्हणायचो. आमची पाणबुडी जर्मन बनावटीची, म्हणून की काय, चीफना दुसऱ्या महायुद्धातल्या एका जर्मन पाणबुडी कमांडरचं वेड होतं. नाव त्यांनी कधी सांगितलं नाही. 'द कमांडर' एवढंच. साध्या खलाशाचा मुलगा. सत्ताविसाव्या वर्षी स्वतःची पाणबुडी. अटलांटिकमध्ये पहिल्या दोन फेऱ्यांत इतकी जहाजं बुडवली की परतला तेव्हा धक्क्यावर बँड उभा. गळ्यात पदक. फोटो पोस्टकार्डावर. शाळेतली मुलं ती कार्डं जमवायची. इथं चीफ थांबायचे आणि बजावायचे, की बाजू चुकीची होती, आणि त्या बुडालेल्या जहाजांवर आपल्या कोकणातले खलाशीही असायचे. मग पुढे. तिसऱ्या फेरीपासून वारं फिरलं. वरून विमानं, मागे विनाशिका. शिकाऱ्याचीच शिकार सुरू झाली. त्यातच कमांडरच्या बॅचचा दुसरा एक जण बुडवलेल्या जहाजांच्या आकड्यात पुढे गेला. ते ह्याला झोंबलं. आणखी एक जहाज, आणखी एक, असं करत तो समुद्रात जास्त जास्त थांबू लागला. शेवटच्या फेरीत, परतायचा हुकूम आलेला असताना, एका टँकरच्या मागे लागला. पाणबुडी गेली. चाळीसावर माणसं गेली. चौघे वाचले. त्यांत हायड्रोफोनवरचा माणूस होता, म्हणजे त्या काळचा सोनारवाला.

ही गोष्ट मी रिटायर झाल्यापासून घरात किमान दोनशे वेळा सांगितली असेल. बारशाला, वास्तुशांतीला, गणपतीत. डेप्थ चार्जचे, म्हणजे पाणबुडीवर टाकायच्या बॉम्बचे, स्फोट मी पालथ्या पातेल्यावर उलथन्याने काढतो. बायको आता पातेलं आधीच लपवते. "त्या जर्मनाच्या बायकूनं बी एवढ्यांदा ऐकली नसंल," म्हणते. शेवट मी असा करतो: हायड्रोफोनवाला सांगतो, "साहेब, मागे पंख्याचा आवाज आहे." कमांडर हसतो. "तुझ्या पोटात कावळे ओरडत असतील!" आणि मग पातेलं.

"काका, तुमची स्वतःची सांगा की एकदा," असं पुतणे म्हणतात. मी म्हणतो, "आमचं सगळं सीक्रेट." सीक्रेट हा शब्द फार सोयीचा आहे.

मागच्या महिन्यात दत्ताची मुलगी ऋतुजा बावड्याला घरी आली. पन्हाळ्याला तहसील कार्यालयात असते. चहा झाला. म्हणाली, "काका, जिल्ह्यातल्या माजी सैनिकांची पुस्तिका निघतीया. बाबांवर दोन पानं तुम्ही लिहा. त्यांच्याबरोबर तुम्हीच होता."

"लिहितो की."

"आणि एक. बाबांचं प्रमोशन तीन वर्षं अडलं होतं. का, ते त्यांनी कधी सांगितलं न्हाई. आत्या म्हणते, कायतरी चूक केली असणार त्यानं. मी विचारलं की बाबा नुसते हसायचे. तुम्हाला म्हाईत हाय?"

मी म्हटलं, "बघतो आठवून."

आठवायला काही नव्हतं. वेळेसकट पाठ आहे.

पाणबुडीत जागा नसते. ज्युनिअर खलाशांत दोघांना मिळून एक बंक. एक ड्युटीवर गेला की दुसरा त्याच्या जागी झोपतो. चार तास वॉच, चार तास विश्रांती. त्याला हॉट बंक म्हणतात, कारण अंथरूण कधी थंडच होत नाही. माझ्या बंकचा जोडीदार दत्ता. ज्या माणसावर जळायचं त्याच्याच उबेत झोपायचं, ही शिक्षा कोर्ट मार्शलमध्येही नाही. उशीला त्याच्या खोबरेल तेलाचा वास. माझ्या आईने दिलेली कांदा-लसूण चटणीची बाटली मी गादीच्या कोपऱ्यात दडवायचो. दर वॉचला ती बोटभर कमी व्हायची.

"दत्त्या, चटणी खाल्लीस?"

"वास घेटला रं नुसता."

"वासानं कमी हुतीया व्हय?"

"तुमच्या बावड्याची चटणी. उडून जात असंल."

वॉच बदलताना एक पद्धत असते. उठणारा माणूस बसणाऱ्याला हँडओव्हर देतो: काय ऐकलं, कुठल्या दिशेला, किती वाजता. नक्की असलेलं सांगायचं आणि नक्की नसलेलंही. चीफनी हे आमच्या डोक्यात खिळ्यासारखं ठोकलं होतं. "डाउट भी रिपोर्ट है. तुम सुनो. फैसला ऊपरवाला करेगा." ऊपरवाला म्हणजे कॅप्टन.

त्या फेरीच्या दुसऱ्या आठवड्यात मी एक डाउट रिपोर्ट केला. संथ, एकसारखा आवाज. मी म्हणालो, पंखा आहे, हळू चाललेलं जहाज. कंट्रोल रूममध्ये धावपळ झाली. दत्ताला बंकमधून उठवलं. त्याने एक हेडफोन कानाला लावला, तोही अर्धाच. "मासा हाय साहेब. घोळ असंल. घुमतोय." मासाच निघाला. पुढचे चार दिवस ताटात डब्यातला मासा आला की कुकपासून इंजिनरूमपर्यंत सगळे विचारायचे, "पाटील, कितने ब्लेड का है?" दत्ताही हसला. सगळ्यांत मोठ्याने तोच.

आता त्या दिवसाचं. समुद्र कुठला ते सांगत नाही. ह्या वेळी खरंच सीक्रेट.

माझा वॉच बारा ते सोळा. खोली पन्नास मीटर, वेग तीन नॉट. सोळा दहाला पेरिस्कोप डेप्थला यायचं होतं, म्हणजे पेरिस्कोप तेवढा पाण्याबाहेर निघेल इतकं वर. पाणबुडीला वर येतानाचा वेळ सगळ्यात वाईट. इंजिन चालू असलेलं जहाज ऐकू येतं. इंजिन बंद करून तरंगणारी लाकडी होडी ऐकू येत नाही. आमचं धूड दीड हजार टनांचं. होडीतल्या माणसांना काय आलं ते कळायच्या आत सगळं संपतं. त्यांचं जाळं आमच्या पंख्यात गुंतलं तर आमचंही.

पंधरा सेहेचाळीसला मला आवाज आला. ठक. ठक-ठक. ठक. बेअरिंग शून्य-दोन-पाच, म्हणजे जवळजवळ समोर. अगदी मंद. लाकडावर लाकूड मारल्यासारखा. वीस सेकंद चालला आणि थांबला.

हात पेन्सिलकडे गेला. मग मला ताट दिसलं. ताटातला मासा दिसला. दत्ता येणार, अर्धा हेडफोन लावणार आणि कुठल्यातरी खेकड्याचं नाव सांगणार. गोठ्यातला तो आवाजही ऐकू आला. लॉगमध्ये मी काही लिहिलं नाही.

पंधरा पंचावन्नला दत्ता आला.

"काय हाय?"

"तीनशे दहावर एक मर्चंट जहाज. लांब चाललंय. बाकी क्लिअर."

"बाकी कायच न्हाई?"

"क्लिअर म्हटलं की."

त्याने हेडफोन घेतला. मी बंकमध्ये जाऊन पडलो. गादी गरम होती. चटणीची बाटली चाचपली. बोटभर कमी.

सोळा शून्य-तीनला पाणबुडीने वळण घेतलं, आपल्या मागची दिशाही ऐकून घेण्यासाठी. सोळा शून्य-आठला कॅप्टनचा आवाज स्पीकरवर आला. "सोनार, ऑल राउंड रिपोर्ट."

"सोनार. वन मर्चंट, थ्री-वन-झीरो, ओपनिंग. नो अदर कॉन्टॅक्ट."

'नो अदर कॉन्टॅक्ट' हे शब्द त्याच्या तोंडचे, पण माझे होते. मी उठून बसलो. तेव्हा चार पावलं चालत जाऊन सांगता आलं असतं. गेलो नाही.

सोळा दहा. "कमिंग टू पेरिस्कोप डेप्थ." जमीन किंचित तिरकी झाली. चाळीस मीटर. पस्तीस. तीस.

आणि स्पीकरवर दत्ता ओरडला. इंग्रजीत नाही, हिंदीत नाही.

"वर नगा जाऊ! वर मानसं हाईत!"

कॅप्टन उत्तरेकडचे. मराठीचा एक शब्द त्यांना येत नव्हता. पण तो आवाज त्यांना कळला. "फ्लड क्यू. गो डीप. सिक्स्टी मीटर्स." क्यू टाकीत पाणी घेतलं की पाणबुडी दगडासारखी खाली जाते. मी बंकच्या लोखंडाला धरून बसलो. खाली जाता जाता डोक्यावरून काहीतरी सरकलं. तव्यावरून नख ओढावं तसा आवाज. जाळ्याचा दोर होता. चार-पाच सेकंद आम्ही सगळे वर बघत होतो. वर लोखंडाशिवाय बघण्यासारखं काही नव्हतं. मग तो सुटला.

"सोनार, से अगेन," कॅप्टन म्हणाले.

"फिशिंग बोट्स, सर. इंजिन ऑफ. व्हेरी क्लोज. टू, मे बी थ्री."

"बेसिस?"

"नॉकिंग, सर. दे बीट द बोट. फिश गोज इन द नेट."

होडीच्या कडेवर काठी ठोकायची. मासा बिचकतो आणि जाळ्यात शिरतो. नृसिंहवाडीच्या संगमावर त्याचे आजोबा, वडील, चुलते हेच करत आलेले. थोडा वेळ ठोकायचं, मग थांबायचं, मग पुन्हा. त्या थांबण्याच्या वेळात आम्ही वर निघालो होतो.

सतरा पाचला, अर्धा मैल बाजूला जाऊन, पेरिस्कोप वर काढला. कॅप्टननी दत्ताला बोलावून बघायला दिलं. सोनारवाला आयुष्यभर ऐकतो, बघत काही नाही. मी दारात उभा होतो आणि, खोटं कशाला सांगू, अशा वेळीही जळलो. ह्याला पेरिस्कोप. मला कधी नाही.

दत्ताने डोळा काढला. "सर, पाटील को भी देखने दीजिए."

मी बघितलं. तीन होड्या. जवळच्या होडीत तिघं. एक काठी ठोकत होता. एक जाळं ओढत होता. तिसरा डोक्याला लाल फडकं बांधून कपातून चहा पीत बसला होता. तो चहा मला आजही दिसतो.

सतरा चाळीसला कॅप्टननी आम्हा दोघांना बोलावलं. समोर लॉग उघडा.

"त्या होड्या तासभर तरी तिथे होत्या. सोळा बाराच्या आधी लॉगमध्ये काहीच नाही. पहिल्यांदा कधी ऐकलं?"

मी तोंड उघडलं. पाणबुडीवाल्याला मिळतो तो डॉल्फिनचा बिल्ला छातीवर होता. ज्याने ऐकलेला कॉन्टॅक्ट दाबला त्याच्या छातीवर तो राहत नाही. 

"सर," दत्ता म्हणाला, "पाटीलने हँडओव्हर में बताया था. डाउटफुल नॉकिंग, अहेड. मैंने लॉग नहीं किया. माय मिस्टेक."

कॅप्टन आधी त्याच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मी पायातल्या बुटांकडे. "लॉग इज नॉट युवर डायरी, भोई." त्यांनी पेन उचललं. दत्ताची बढतीची शिफारस मागे गेली. माझ्या कागदावर 'अर्ली डिटेक्शन' असा शेरा आला. पुढच्या वर्षी मी एक पायरी चढून लीडिंग सीमन झालो. तो तीन वर्षं जिथल्या तिथे.

त्याचा वॉच संपला तेव्हा सोनारवर पाच मिनिटं दुसऱ्या एकाला बसवून मी त्याच्यामागे बंकपाशी गेलो.

"का रं असं केलंस?"

"चटणी खाल्लीया तुझ्या आईची. कवातरी फेडायची हुती."

"दत्त्या."

तो गादीवर बसला, बूट काढले. "तू ऐकलं हुतंस?"

"व्हय."

"मग सांगायचं की लेका. आमी हासलो असतो. पन लिवलं असतं."

आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

माणसाने शिवी द्यावी. कॉलर धरावी. हे असलं काही केलं की दुसऱ्याला जळायलाही जागा उरत नाही. तरी मी जागा काढली. एवढं मोठं मन ह्याच्याकडे कुठून आलं, ते आपल्याला का नाही, ह्यावर पुढची वीस वर्षं जळलो.

मी चीफ होऊन रिटायर झालो, तो एक पायरी खाली, पेटी ऑफिसर. तो नदीवर परत गेला. होडी चालवायची, पोहायला शिकवायचं. मी सहकुटुंब दर्शनाला गेलो की घाटावर भेटायचा, आणि कुणीतरी हटकून म्हणायचं, "काका, तो जर्मन!" मी पायरीवर बसून सांगायचो. दत्ताही ऐकायचा. "तुझ्या पोटात कावळे ओरडत असतील" इथं सगळे हसायचे. दत्ता नदीकडे बघायचा. संपलं की म्हणायचा, "मस्त सांगतोस."

त्याला खरा शेवट माहीत होता. चीफच्या त्या वर्गात तो माझ्या शेजारीच बसला होता. चीफनी सांगितलेला शेवट वेगळा होता. कमांडर हसला होता खरा, पण आदल्या आठवड्यात, दुसऱ्याच एका आवाजावरून, सगळ्या क्रूसमोर. शेवटच्या दिवशी हायड्रोफोनवाल्याने विनाशिकेचा पंखा ऐकला आणि पुन्हा हसतील म्हणून बोललाच नाही. म्हातारा झाल्यावर त्याने स्वतःच्या तोंडाने हे सांगितलं. कमांडर हावरा होता, आकड्यांना हपापलेला होता. पण मागे विनाशिका आहे हे त्याला शेवटपर्यंत कुणी सांगितलंच नाही. मी दोनशे वेळा दोष त्या मेलेल्या माणसावर टाकला आणि वर पातेलं वाजवलं.

चार वर्षांपूर्वी नदीला मोठं पाणी आलं. दत्ता तीन दिवस होडी घेऊन घराघरांतून माणसं काढत होता. चौथ्या दिवशी पाणी ओसरू लागलं. तो घरी आला, पायरीवर बसला, चहाचा कप हातात घेतला आणि तसाच कलंडला. डॉक्टर म्हणाले, हृदय. समुद्रात काही झालं नाही, पुरात काही झालं नाही. जमिनीवर गेला. माती द्यायला एवढी माणसं जमली की मला मागे, एका ट्रॅक्टरच्या चाकावर उभं राहावं लागलं. तिथूनही थोडा जळलो. सवय.

ऋतुजा, हे छापायला दे. एक शब्द काढू नकोस. आत्यालाही वाचून दाखव. तुझ्या बाबांनी चूक केली नव्हती. त्यांनी माझी चूक उचलून आपल्या कागदावर ठेवली. ज्या होडीत तो माणूस चहा पीत होता, ती होडी त्यांच्या कानामुळे घरी गेली, आणि आम्ही छत्तीस जणही.

मला एक हँडओव्हर द्यायचं राहिलं होतं. द्यायला फार उशीर झाला. बसणारा माणूस निघून गेला. तरी पद्धत आहे म्हणून देतो.

दत्ता, पंधरा सेहेचाळीस. बेअरिंग शून्य-दोन-पाच. लाकडावर लाकूड. वीस सेकंद, मग थांबलं. डाउटफुल. मी ऐकलं होतं.

हास आता. पण लिहून घे.